बोटभर आखूड

बाजारातले मेकॅनिक तिला मापाडीबाई म्हणत, आणि त्यात टोमणा कमी, धाक जास्त होता. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं तिचं दुकान. नियम एकच: जुना भाग काउंटरवर ठेवा, मगच नवा मागा. जुना भाग खाकी कागदावर ठेवून ती पेन्सिलीनं त्याची कड आखायची आणि त्या रेषेवर नवा ठेवून बघायची. केसभर फरक दिसला तरी, गिऱ्हाइकानं कितीही डोकं खाल्लं, माल मिळायचा नाही.

हा नियम तिनं एकदाच मोडला, धाकट्या भावासाठी. त्यानं फार जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली होती आणि तिच्यापायी तो खुळावला होता. मागच्या चाकांना धरून ठेवणारे दोन्ही सस्पेन्शन आर्म गेलेत म्हणाला. जुने काढून आण, असं तिनं सांगितलं, तर त्यानं फोनवर चॅसिस नंबर सांगून घाई लावली. नंबर सुरुवातीच्या मॉडेलचा निघाला. घरच्या माणसाला काय अडवायचं, म्हणून तिनं पुस्तकात बघून आर्म देऊन टाकले.

आज दुपारी तो जुने आर्म गोणीत घालून भंगारात द्यायला घेऊन आला. पायीच आला, पण ते तिच्या ध्यानात आलं नाही. नवे झकास बसले, थोडं ठोकावं लागलं इतकंच, असं सांगत त्यानं स्टूल ओढलं. हाताला सवय, म्हणून तिनं जुना आर्म कागदावर आखला आणि भावाला दिला होता तसाच एक नवा शेल्फातून काढून रेषेवर ठेवला. एका टोकाचं भोक जुळलं. दुसरं बोटभर अलीकडे राहिलं.

तिनं दुसरा जुना आर्म आखला. तोही तेवढाच लांब, आणि झीजही दोन्हींची सारखी. म्हणजे वर्षानुवर्षं ते त्याच गाडीखाली होते. इतके लांब आर्म नंतरच्या मॉडेलला येत. नंबराची पट्टी मात्र पुढे, बॉनेटखाली. पुढचा भाग एका गाडीचा होता, मागचा दुसरीचा, आणि मधे कुठेतरी रंगाखाली वेल्डिंग लपलं होतं. आखूड आर्म ठोकून बसवले, म्हणजे चाकं ओढली गेलेली आणि सगळा भार ताणलेल्या बोल्टांवर.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

भाऊ जमिनीकडे बघत राहिला. "तू कागदावर आखलं असतंस तर तुला कळलं असतं, ताई. मग तू गाडी रस्त्यावर येऊच दिली नसतीस."

"गाडी कुठेय?"

भाचीनं हट्टच धरला, असं तो पुटपुटला. टेकडीवर एक चक्कर मारून येते म्हणाली.

तिनं आपल्या मुलीला फोन लावला. तो वाजत राहिला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिनंच मुलीला शिकवलं होतं.

दोघं बाहेर धावली. टेकडीचा रस्ता दुकानासमोरच उतरायचा, नऊ वळणं घेऊन. वरून इंजिनाचा आवाज येत होता. पोरगी रंगात येऊन उतरत होती. प्रत्येक वळणाला आवाज दडायचा आणि पलीकडून पुन्हा मोकळा व्हायचा. मापाडीबाई वळणं मोजत होती. तिला भावाचा संताप आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त. कुठल्याही परक्या माणसाला तिनं असे आर्म दिले नसते.

पाच झाली. सहा झाली. सातव्या वळणाला आवाज दडला.

तो पलीकडून आला नाही.

"थांबवली असेल तिनं," भाऊ म्हणाला. "काहीतरी वाजलं असेल, म्हणून थांबवली असेल."

दुकान उघडंच टाकून, खाकी कागद हातात तसाच धरून, ती चढ चढू लागली.