उताणी की पालथी

मी कवडी बोलतेय. सारीपाटावर खुळखुळणारी, साधी समुद्रातली कवडी. खारबावजवळच्या एका गावात, गावदेवीच्या देवळात माझं आयुष्य गेलं. कुणा खलाशाने नवस फेडताना आम्हा बहिणींना देवीपुढे ओंजळभर वाहिलं होतं म्हणे. आमच्यात मान माझा, कारण माझ्या पाठीवर सुरेख पिवळं कडं आहे. रूपाचा थोडा तोरा मलाही होताच!

शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद असत. मग गावातले कामगार देवळाच्या ओट्यावर पट मांडून बसत. मोहल्ल्यातला इक्बाल तर दान टाकण्याआधी मला फुंकर घालून म्हणायचा, "चल माझी राणी, इज्जत राख!" मी कधी राखायची, कधी नाही. हरला की तोच मला शिव्या घालायचा. माणसांचं हे असंच.

पण गावात चोरी झाली की खेळ बंद. दामू गुरव मला हळदीच्या पाण्यात धुवायचा आणि त्या क्षणापासून मी कुणी वेगळीच व्हायचे. ज्याच्यावर संशय, त्याने मला देवीच्या पायाशी टाकायचं. उताणी पडले तर माणूस निर्दोष, पालथी पडले तर चोर. ना पोलीस, ना कोर्ट.

काय शांतता पसरायची तेव्हा! काल ओट्यावर मला आपटणारे हात त्या वेळी थरथर कापायचे. समोर शेंदराने माखलेली, चांदीच्या डोळ्यांची देवी. हवेत उडाले की दर वेळी मी वाट बघायचे, आता तिचा हात मला लागेल, आता ती मला वळवेल.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात देवीचा उजवा डोळाच नाहीसा झाला. देवळाची किल्ली आनंदीबाईंकडे असायची. विधवा बाई, रोज झाडलोट करायच्या, दिवा लावायच्या. बोटं त्यांच्याकडेच वळली. त्यांच्या लेकीचं, माधवीचं, लग्न अंबाडी गावी ठरलं होतं. तिकडून निरोप आला, आधी हे प्रकरण मिटवा, मग बघू.

गावचे तुळशीराम पाटील कवडी टाकायला सांगताना घुटमळत होते. आनंदीबाईच ठामपणे म्हणाल्या, "पाटील, कवडी आणा. माझी माउली सांगंल."

पायरीपाशी उभ्या इक्बालला राहवलं नाही. "अहो पाटील, परवा ह्याच कवडीनं माझी जिंकलेली बाजी घालवली. ती काय चोर पकडणार?"

"परवा खेळ व्हता. आज माउली हाय," पाटील म्हणाले.

आनंदीबाईंचा हात जरासुद्धा कापला नाही. इतका निर्धास्त हात मी कधी अनुभवला नव्हता. मी वर गेले. वाट पाहिली. कुणाचा हात लागला की नाही, मला कळलंच नाही. फरशीवर आदळले, गिरकी घेतली आणि पालथी पडले.

आनंदीबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. देवीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग हात जोडून हळूच म्हणाल्या, "माउली, तू म्हंतीस तर घेतला आसंल मी."

माझ्या अंगावर काटा आला. काटा येण्याजोगं अंग नसूनही आला. स्वतःच्या आठवणीपेक्षा या बाईचा विश्वास माझ्यावर जास्त होता.

माधवीचं लग्न मोडलं. ती भिवंडीला लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागली. आनंदीबाई पुन्हा देवळाची पायरी चढल्या नाहीत. रोज खालूनच नमस्कार करायच्या आणि न केलेल्या चोरीची माफी मागायच्या.

वर्षं गेली. त्र्याण्णवच्या चैत्रात एका सकाळी देवीने शेंदराचं कवच सोडलं. कितीतरी पिढ्यांचा शेंदूर, जाडजूड, एका तुकड्यात निखळून खाली आला आणि आतून काळ्या दगडाचा शांत, कोवळा चेहरा दिसला. सारा गाव लोटला. बायकांच्या डोळ्यांना धार लागली. दामू गुरवाने ते कवच उलटून पाहिलं. आत हरवलेला चांदीचा डोळा होता.

"उन्हानं डोळा चिकटवल्याली राळ इतळली, डोळा शेंदरात घसरला," तो कपाळ बडवत म्हणाला, "आन् वरनं मीच शेंदूर चढवत ऱ्हायलो."

सगळे आनंदीबाईंच्या दारी गेले. पाटील त्यांच्या पाया पडले. हाताला धरून त्यांना देवळात आणलं. बाईंनी तो डोळा पाहिला, देवीचा नवा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "मना कवडी द्या."

माधवीने त्यांचा हात धरला. "आये, आता कशाला गं? डोळा सापडला ना!"

"सापडला. पण माउलीनं मना आजून सांगितलं न्हाय."

दामूने मला हळदीच्या पाण्यात बुडवून त्यांच्या हातावर ठेवलं. आता मी त्यांच्या मुठीत आहे. मूठ उबदार आहे आणि आजही ती थरथरत नाही. गाव पुन्हा भोवती दाटीने उभा आहे. मला देवीची भीती नाही वाटत. या मुठीची वाटते.

मला तोंड आहे, दात आहेत, फक्त आवाज नाही. असता तर एवढंच म्हणाले असते, बाई, त्या दिवशी माउली बोलली नव्हती. मी नुसती पडले होते. आजही नुसतीच पडेन, आणि कशी पडेन ते मला माहीत नाही.

आनंदीबाई, पाया पडते तुमच्या. मूठ उघडू नका.