आवाज स्वच्छ करा

तिने इअरफोन कानातून काढला, कुडत्याच्या कडेला पुसला, परत घातला आणि आठवं प्रकरण तिसऱ्यांदा बाराव्या मिनिटावर आणलं. दीपगृहाचा रखवालदार कंदील घेऊन जिना चढत होता. त्याच्या मागून त्याची म्हातारी मांजर चढत होती. वाक्य संपलं आणि पुढचं सुरू झालं. मध्ये काहीच नव्हतं.

मग तिने नवऱ्याचा इअरफोन मागून घेतला. त्यातही तेच. रखवालदार, मांजर, जिना आणि तिचा स्वतःचा आवाज, अगदी रेडिओवरच्या बाईसारखा.

"माझा फोन बिघडलाय बहुतेक," ती म्हणाली. "मधलं खातोय."

नवरा जेवणाच्या टेबलावर चादर घालून शर्टांना इस्त्री करत होता. रविवारचं ते काम त्याच्याकडे असे. तो गालातल्या गालात हसला. काल रात्रीपासून त्याने ही गोष्ट पोटात ठेवली होती, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या घराला, म्हणजे तिला, चांगलं माहीत होतं.

"बिघडला नाही, सुधारलाय," तो म्हणाला. "सगळी एकोणीस प्रकरणं स्वच्छ करून घेतली मी. एक बटण दाबायचं, बस्स."

तिचा चेहरा पाहून त्याने इस्त्री उभी करून ठेवली.

गोष्ट अशी होती. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी लोक आपापल्या घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचतात आणि एका साइटवर चढवतात. कुणी शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणी घरी बसून कंटाळलेलं. तीही त्यांतलीच, छापखान्यात प्रुफं तपासायची. दिवसभर डोळ्यांत तेल घालून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या दारात स्टूल टाकून बसायचं, कारण कपड्यांमुळे आवाज घुमत नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मांडीवर पुस्तक आणि फोन स्वेटरांच्या चळतीवर.

आणि पायाशी भुंगी. भुंगी म्हणजे त्यांची मुलगी. कानाशी सतत भुणभुण म्हणून बापाने लाडाने म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आई वाचायला बसली रे बसली की हिला तहान लागायची, शी लागायची, नाहीतर रखवालदाराबद्दल शंका यायची. आई, समुद्राला सुट्टी कधी असते? नसते गं राणी, गप्प बस दोन मिनिटं, असं म्हणून आई तेच वाक्य पहिल्यापासून वाचायची. ओळ तुटली की ओळीच्या सुरुवातीला जायचं, ही छापखान्यातली सवय. आवाज कापायला-जोडायला तिला येत नव्हतं आणि शिकायला वेळ कुणाला होता? त्यामुळे भुंगी जशी होती तशी पुस्तकात राहिली.

दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि नवव्या दिवशी भुंगी गेली. पाच वर्षांची होती.

तिचे व्हिडिओ नव्हते असं नाही. पण फोन समोर धरला की त्या बडबडीची दातखीळ बसायची. हात कर म्हटलं की हात करायची, हस म्हटलं की दात दाखवायची. न सांगता, आपल्या मनाने, ती फक्त त्या पुस्तकात बोलत होती. आई रोज सकाळी कामाला जाताना बसमध्ये तेवढंच ऐकायची. चौथ्यात पाणी, आठव्यात समुद्राची सुट्टी, अकराव्यात नुसतं शिंकणं आणि त्यावर स्वतःच खुदकन हसणं. नवऱ्याला वाटायचं, गाणी ऐकते. त्याला बरं वाटायचं. चला, मन रमतंय कुठेतरी.

तिने त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तोही ऐकायला लागला असता, आणि दोघांनी रोज डोळे सुजवून कामाला जायचं हे काही चाललं नसतं. एकाने तरी धड राहावं असं तिने ठरवून टाकलं होतं.

आता तिने सगळं सांगितलं. कुठल्या प्रकरणात काय, कितव्या मिनिटाला. त्याने ऐकून घेतलं आणि मग मान खाली घालून आपली बाजू सांगितली. साइटवरचं खातं त्याच्या ई-मेलवर काढलेलं होतं, म्हणून मेल त्याला आला. अवांतर आवाज असलेली वाचनं महिनाअखेर मुख्य यादीतून काढणार आहोत, त्याआधी नवीन सोय वापरून पाहा, असा. खाली निळं बटण होतं, 'आवाज स्वच्छ करा'. त्याला वाटलं, लग्नपत्रिकेत एक अनुस्वार राहिला म्हणून पाचशे पत्रिका परत पाठवणारी ही बाई, हिचं वाचन यादीतून काढलं तर हिला केवढं लागेल. शिवाय दोन वर्षांत तिने पुस्तक हातात धरलं नव्हतं. जुनं सगळं नीट झालेलं ऐकून ती पुन्हा वाचायला बसेल, अशी एक वेडी आशा. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. डाग दिसला की पुसायचा, एवढंच त्याला येत होतं.

"एकोणिसावंसुद्धा?" तिने विचारलं.

"सगळी," तो म्हणाला. "का? त्यात काय होतं?"

"मला माहीत नाही."

ते शेवटचं प्रकरण तिने भुंगीला ताप यायच्या आदल्या शनिवारी वाचलं होतं आणि घाईत तसंच साइटवर चढवलं होतं. परत ऐकून बघायचं राहिलं, आणि नंतर ऐकवेना. मग तिने ते मुद्दामच ठेवून दिलं. बाकीची अठरा तिला तोंडपाठ झाली होती. भुंगीचं अजून न ऐकलेलं काहीतरी कुठेतरी शिल्लक आहे, या एका गोष्टीवर तिच्या कितीतरी वाईट सकाळी निभावून जात असत. कधीतरी फारच असह्य झालं तर ते उघडायचं होतं.

आता तिने ते उघडलं. अठ्ठावीस मिनिटं स्वच्छ आवाज. भुंगीचा श्वाससुद्धा नव्हता.

ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली की तू चांगल्यासाठीच केलंस, आणि उरलेल्या शर्टांना स्वतः इस्त्री करायला लागली. त्या दिवशी त्याला घरात कुठे बसावं ते कळेना.

त्याने साइटवाल्यांना लिहिलं. पुन्हा लिहिलं. हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. उत्तर आलं की जागेअभावी मूळ फाइल ठेवली जात नाही, आणि तुमच्या वाचनाला आता पाचपैकी पाच तारे मिळाले आहेत, अभिनंदन. तिच्या जुन्या फोनमध्येही काही नव्हतं. फोन भरला की चढवलेली प्रकरणं ती पुसून टाकायची. मग त्याने प्रत्येक प्रकरणाखाली, जिथे श्रोते आपलं मत देतात तिथे, एकच मजकूर एकोणीस वेळा टाकला. या पुस्तकाची जुनी फाइल कुणी उतरवून ठेवली असेल तर कृपया कळवा, त्यात आमच्या मुलीचा आवाज आहे. खाली आपला नंबर. ती गेली असं त्याने लिहिलं नाही. चारदा लिहून चारदा खोडलं होतं.

अकरा दिवसांनी, संध्याकाळी, ती भाजी निवडत असताना त्याचा फोन वाजला. कुणी म्हातारे गृहस्थ होते. त्याने दोन वाक्यं ऐकली, फोनचा आवाज वाढवला आणि तो तिच्यापुढे धरला.

गृहस्थ टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. जन्मापासून दिसत नाही. त्यांनी आधीच सांगून टाकलं की फाइल त्यांच्याकडे नाही, ते साइटवरच ऐकतात. पण मजकूर त्यांच्या फोनने त्यांना वाचून दाखवला, आणि राहवलं नाही. आता ते पुस्तक त्यांना सुनंसुनं लागत होतं. पूर्वी घरात कुणी आल्यासारखं वाटायचं. मुलीचं सगळं बोलणं त्यांना पाठ होतं. नंबर लक्षात ठेवण्यातच जन्म गेला, ते म्हणाले, आमचं डोकं म्हणजे जुनी डायरी. समुद्राच्या सुट्टीचं सांगून ते स्वतःच हसले.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली आणि फोन हातात घेतला.

"एकोणिसाव्यात काही होतं का?" तिने विचारलं.

"होतं की. तुमच्या दाराची घंटा वाजते बघा. तुम्ही 'आले आले' म्हणत उठून जाता. फोन तसाच चालू."

"मग?"

"मग ती जवळ येते. अगदी फोनला तोंड लावून, हळूच. म्हणते, आई आत्ता येते हं. तुम्ही जाऊ नका."

नवरा भिंतीला टेकला.

"आम्ही कुठले जातोय," गृहस्थ म्हणाले. "मी तर बसल्या जागी मान डोलावली होती. केवढी झाली हो आता?"

नवऱ्याने फोन घ्यायला हात पुढे केला. तिने तो अडवला.

"दुसरीत आहे," ती म्हणाली.

"वा. मग आता स्वतःच वाचत असेल."

"हो."

त्यांनी पुढचं पुस्तक कधी वाचणार म्हणून विचारलं. तिने ओले हात कुडत्याला पुसले, फोनचा आवाज कमी केला आणि एवढंच म्हणाली,

"तिच्या बाबांना सांगा ना एकदा. ती काय म्हणाली ते. तिने म्हटलं तसंच."

आणि फोन तिने नवऱ्याच्या कानाला लावला. त्याच्या हातात दिला नाही, स्वतःच धरून ठेवला. तो डोळे मिटून ऐकत राहिला. पलीकडून गृहस्थ आणखीही काहीतरी विचारत असावेत, कारण त्याची मान दोनदा हलली.

"हो," तो शेवटी म्हणाला. "आहेच ती तशी. फार बडबडी."