मोटरचा सूर

"थांब, थांब." कृष्णाने हात वर केला. "परत तेच. तार खेचतोस, पण सूर पोचायच्या आधीच थांबतोस."

गॉडफ्रेने तिसऱ्यांदा गिटारवरचा हात काढला. अंधेरीच्या त्या स्टुडिओत एसीचा गारठा होता आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. कृष्णाच्या बँडचं हेवी मेटलवाल्यांत नाव होतं. त्यांचा गिटारवाला कॅनडाला चालला होता, मे महिन्यात सात शहरांचा दौरा ठरला होता, आणि वसईजवळच्या उमेळ्याच्या या मुलाची कॅसेट ऐकून त्यांनी त्याला बोलावलं होतं.

"हात जबरदस्त आहे यार तुझा," कृष्णा म्हणाला. "पण कान गावठी आहे. शिकलास कुठे?"

"घरी. पंपाच्या खोलीत."

सगळे हसले. गॉडफ्रेने मस्करी केली नव्हती.

उमेळ्याला त्याच्या वडिलांची, फर्डिनंडची, केळीची वाडी होती. विहिरीला लागून पंपाची खोली. वीज दिवसातून चार-पाच तासच धड दाबाने यायची. त्याच वेळात फर्डिनंड मोटर लावायचा आणि त्याच वेळात गॉडफ्रेचा अँप्लिफायर चालायचा. सोळाव्या वर्षापासून बापलेकांनी ती वीज अशी वाटून घेतली होती. गिटारच्या तारा जुळवायचं यंत्र वसईत कुणाकडे नव्हतं. मोटरच्या घुमण्यात मात्र एक जाड, न हलणारा सूर होता. गॉडफ्रेने सगळ्यांत जाड तार त्याला लावली, बाकीच्या तिच्यावरून. पुढे बँड झाला तेव्हा बेसवाल्याने बेस गॉडफ्रेच्या गिटारला लावला. सात वर्षं चौघं एकमेकांशी अचूक जुळलेले होते. जगापेक्षा किंचित खाली होते, हे त्यांना सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. स्टुडिओत यंत्राने तारा नीट करून दिल्या, पण तार खेचून सूर चढवताना बोट थांबायचं ते कानाच्या हुकमाने, आणि कान अजून वाडीतच होता.

"सहा आठवडे देतो," शेवटी कृष्णा म्हणाला. "कान सरळ करून ये. मार्चच्या शेवटच्या शनिवारी ऐकतो."

वसईला गाडीतून उतरल्यावर त्याच्या स्वतःच्या बँडचा ड्रमर विघ्नेश, जो सोबत आला होता, रिक्षात बसता बसता म्हणाला, "माझ्या घरी ये प्रॅक्टिसला. चौथा मजला, मोटर नाही, केळी नाहीत."

तीन दिवस ते चाललं. चौथ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. "विघ्नेश, तुमच्याकडे भिंत फोडताय का? परवानगी घेतली का?"

गॉडफ्रे गिटार पाठीला लावून घरी आला. शेजारची हिल्डा कुंपणाशी फुलं खुडत होती. त्याच्या काळ्या टीशर्टाकडे बघून तिने नेहमीचंच विचारलं, "गॉडफ्रे, आज कुनाचं सुतक?"

"माझंच, हिल्डा मावशी."

खरं तर काळा रंग मेटलसाठी जितका, तितकाच केळीच्या चिकासाठी होता. चिकाचा डाग काळ्यावर दिसत नाही.

जेवताना त्याने घरी सगळं सांगितलं. तारा जुळवायचं यंत्रही दाखवलं, विघ्नेशने ते स्टुडिओतून मागून आणून दिलं होतं. फर्डिनंडने ते उलटंसुलटं करून पाहिलं. त्याला संगीतातलं काही कळत नसे.

"म्हणजे आपली मोटर खोटं बोलते?"

"खोटं नाही, पप्पा. तिचं तिचं खरं आहे. पण ती कानात असेपर्यंत दुसरं काही बसत नाही."

"आणि ती बंद असली तर?"

"मग वाडीला पाणी कोण देणार?" गॉडफ्रेच्या आईने, रिटाने, भाताचं पातेलं खाली ठेवत विचारलं.

दोन दिवसांनी राखेचा बुधवार आला. कपाळावर राख लावून घरी आले की ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात कुणी काय सोडायचं हे त्यांच्याकडे जेवणाआधी ठरे. रिटाने मटण सोडलं. धाकट्या बहिणीने, एलिसाने, टीव्हीवरची मालिका सोडली, तीही तोंड वाकडं करून.

"मी मोटर सोडली," फर्डिनंड म्हणाला.

"काय?"

"ईस्टरपर्यंत मोटर लावणार नाय. हाताने पाणी काढीन."

"अहो, माणसं तंबाखू सोडतात, दारू सोडतात. मोटर कोण सोडतं?"

"तंबाखू दरवर्षी सोडतो. देवालापण कंटाळा आला असंल."

गॉडफ्रे ताटावरून उठला. "पप्पा, दीडशे केळी आहेत. वेड्यासारखं करू नका."

"देवाला सांगून झालं," फर्डिनंड म्हणाला. "बस, जेव."

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर कप्पीची करकर सुरू झाली. वीज आली की गॉडफ्रे पंपाच्या खोलीत शिरे आणि भिंतीपलीकडे फर्डिनंड पोहऱ्याने पाणी काढून पाटात ओती. मोटर गप्प पडून असायची. पहिला आठवडा गॉडफ्रेला ती बंद असूनही ऐकू येई. मग हळूहळू तो सूर विरला, आणि एका दुपारी तार खेचल्यावर यंत्राचा काटा मधोमध जाऊन उभा राहिला. त्याने पुन्हा खेचली. पुन्हा मधोमध.

"फर्डिनंड, मोटर जळली काय?" हिल्डाने विचारलं.

"नाय गो. उपवास आहे तिचा."

गॉडफ्रे मदतीला गेला की फर्डिनंड त्याला हाकलून देई. वीज आहे तोवर वाजव, म्हणे. वीज गेल्यावर गॉडफ्रे पाणी काढायला येई, तोवर बापाने दोर गुंडाळून ठेवलेला असे. मार्च तापला. कडेच्या तीसेक केळींची पानं पिवळी पडून खोडाला चिकटली. रिटा ती कापून म्हशीवाल्याला देत राहिली.

शेवटच्या शनिवारी गॉडफ्रे अंधेरीला गेला. त्याने दोन गाणी वाजवली. एकही तार अलीकडे थांबली नाही.

"परफेक्ट," कृष्णा म्हणाला. "पण यार... आम्ही एकाला घेतलं. मागच्याच आठवड्यात. पोस्टर्स छापायची होती. तुला कळवायला हवं होतं."

गॉडफ्रेची पुढची कारकीर्द फार थोडक्यात सांगता येते. आपल्या बँडबरोबर त्याने आणखी सहा वर्षं कॉलेजांच्या महोत्सवांत वाजवलं. एक कॅसेट निघाली. तिच्या वेष्टनावर त्याचं आडनाव चुकीचं छापलं होतं. विघ्नेश दुबईला गेला, बेसवाल्याचं लग्न झालं. दोन हजार पाचपासून गॉडफ्रे माणिकपूरला एका दुकानाच्या माळ्यावर गिटार शिकवू लागला. मुलं सांगतात, सरांसमोर बेसूर तार निसटूनही जात नाही. पण त्या शनिवारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. तो उन्हं कलताना घरी आला तेव्हा फर्डिनंड विहिरीवर होता.

"लागला सूर?"

"लागला."

"मग?"

"दुसऱ्याला घेतलं. आधीच."

फर्डिनंडने हातातला पोहरा पाटात रिकामा केला.

"पण लागला ना?"

"हो, पप्पा. बरोबर लागला."

"बरं झालं."

"आता मोटर लावा. वीज आहे."

"ईस्टरला आठ दिवस आहेत अजून."

"पण आता कशासाठी?"

"कशासाठी म्हणून नसतं रे सोडायचं," फर्डिनंड म्हणाला. "सोडलं म्हंजे सोडलं."

गॉडफ्रेने गिटार पंपाच्या खोलीच्या भिंतीला टेकवली आणि दोर हातात घेतला. या वेळी फर्डिनंडने त्याला हाकललं नाही. त्याने फक्त खांद्यावरचा पंचा काढला, दातांनी त्याची कड फाडून एक पट्टी केली आणि मुलाचा तारा दाबायचा डावा हात पुढे ओढला. त्याचे स्वतःचे तळवे सोललेले होते. एकेक करून त्याने मुलाच्या चारही बोटांची टोकं नीट गुंडाळली, गाठ मारली, घट्ट झाली नाही ना ते बोट वाकवून पाहिलं.

"आता ओढ," तो म्हणाला, आणि फावडं उचलून पाण्याच्या पुढे पुढे केळींकडे निघाला.