दोन तासांचं अंतर

तीस वर्षं कॉफीच्या बिया भाजून विकणाऱ्या माणसाच्या घरात कॉफी बंद झाली, ती त्याच्या थोरल्या बहिणीमुळे. ताईची छाती धडधडायला लागली, तपासणीत रक्त फारच कमी निघालं आणि पोटातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिमोग्लोबिन दहाच्या वर आल्याशिवाय मी हात लावणार नाही. लोहाच्या गोळ्या घ्या. आणि ही धडधड थांबेपर्यंत कॉफी सोडा."

गोळ्यांबद्दल ताईनं चकार शब्द काढला नाही. कॉफीचं मात्र तिला फार लागलं. आई गेल्यावर या धाकट्याला तिनंच वाढवलं होतं, त्याच्या पहिल्या भट्टीपाशी तीही उभी राहिली होती. पन्नाशीतल्या भावाला ती अजून 'छोट्या'च म्हणायची.

"छोट्या, गरम पाण्यावर माणूस जगेल रे, पण जागं कसं होणार?"

मग त्यानं कॉफीचे नमुने भाजायच्या लहान ड्रममध्ये हिरवा चहा भाजून पाहिला. पहिला घाणा करपला. दुसऱ्या वेळी आच उतरवली आणि पानं तपकिरी होताच पंख्याखाली पसरली. कडूपणा बराच गेला, खमंग वास सुटला. यात कॅफीन कॉफीपेक्षा पुष्कळ कमी असतं ना, हे त्यानं डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारून घेतलं. "कमी असतं, अगदीच नसतं असं नाही. दिवसाला एक-दोन कप चालेल," त्या म्हणाल्या. कशाबरोबर घेणार, हे त्यांनी विचारलं नाही. यानंही सांगितलं नाही.

पहिला घोट घेऊन ताईनं डोळे मिटले. "कॉफीची चुलतबहीण दिसते. चालेल."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तो एका हातात कप आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन यायचा. विसरायला नको म्हणून. ताई चहाच्या घोटाबरोबरच गोळी गिळायची.

सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जेमतेम हलला होता. ताई आता भिंतीला धरून चालत होती. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं.

"गोळ्या चुकल्या का?" डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं.

"एकही नाही. मी स्वतः देतो."

"कशाबरोबर?"

त्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "चहा भाजला तरी त्यात टॅनिन राहतंच. ते लोह अंगी लागू देत नाही. तेवढंच कारण असेल असं नाही, पण गोळी आणि चहा यांत दोन तास जाऊ द्या. चहा वाईट नाही हो. मीही विचारायला हवं होतं."

घरी येताच त्यानं चहाचा डबा उचलला.

"कुठे निघालास?"

"फेकायला. माझ्या हातानं तुझं नुकसान केलं, ताई."

"उगाच सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. दिलीस तू, गिळली मी. ठेव तो जागेवर."

गोळी लिंबूपाण्याबरोबर सुरू झाली. चहा दुपारी. त्यासाठी तो भट्टी बंद करून घरी यायला लागला. तीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. दोघं आईबद्दल बोलायची, कधी नुसतीच बसायची.

दोन महिन्यांनी आकडा दहाच्या वर गेला. ऑपरेशन झालं. ताई वाचली, सावकाश हिंडूफिरू लागली.

भाजलेला चहा आता दुकानातही मिळतो. पुडी बांधण्याआधी तो विचारतो, "औषधं कोणती चालू आहेत?" काही गिऱ्हाइकांना ही चौकशी खपत नाही, ती निघून जातात. तो कुणाला थांबवत नाही, आणि विचारणंही सोडत नाही.