फिका तारा

तिने लॅपटॉपवरच्या आलेखातला तो एकटा ठिपका मोठा केला. बाकीचे ठिपके शहाण्या मुलांसारखे रेषेवर बसले होते. हा मात्र रुसून वर जाऊन बसलेला.

“तुझा तारा घर सोडून पळाला की गं,” फोनवर सहकारी हसला.

“फिका आहे. म्हणजे लांब असणार.”

“नाहीतर मध्ये धूळ असेल. रंग तपासलास? नेहमीपेक्षा लालसर असला तर तो तेवढा लांब नाहीच. झाकलाय नुसता.”

तिने जीभ चावली. धुळीचा हिशेब धरायचाच राहिला होता. “बघते,” म्हणून तिने फोन ठेवला.

समोर आई शिवणयंत्रावर कोटाला अस्तर लावत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं. “कपाळाला एवढ्या आठ्या? काय झालं?”

“एक तारा फुटलाय, आई. या जातीचे सगळे तारे फुटताना जवळजवळ सारखाच उजेड देतात. म्हणून किती फिका दिसतो, त्यावरून किती लांब ते कळतं.”

आई तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती. “मरताना का होईना, उजेड पाडतात,” ती हळूच म्हणाली. “तुझ्या मामाने तेवढाही नाही पाडला.”

लेक खळखळून हसली. मामावर बोलून झालं, हवापाण्यावर झालं. तेवढं एकच सोडून सगळ्यावर बोलून झालं होतं.

गेल्या महिन्यात तिने आईला फोनवर सांगितलं होतं: समुद्रापलीकडच्या वेधशाळेत नोकरी मिळतेय, काही वर्षं तिकडेच राहावं लागेल. पलीकडून पुसटसं “बरं” आलं आणि विषय संपला. त्यानंतर दर फोनला आईचा आवाज आणखी खाली गेला. उद्या होकार नाहीतर नकार कळवायचा होता. नकार तिने मनात लिहूनही ठेवला होता. तरी एकदा आईचा राग डोळ्यांनी पाहावा म्हणून ती आली होती.

आई उठून कपाटाशी गेली आणि पाठमोरी उभी राहून डब्यातली बटणं चाळू लागली. चेहरा दिसत नव्हता, तेव्हा तिला धीर आला.

“आई, रागावलीस का माझ्यावर?”

बटणं खुळखुळत राहिली. आई काहीतरी गुणगुणत होती, कापडालाच ऐकू जावं इतकं हळू. पूर्वी सुईमागून दोरा यायचा आणि दोऱ्यामागून गाणं. यंत्राच्या खडखडाटावरून ते समोरच्या खिडक्यांपर्यंत पोचायचं.

तेवढ्यात किटलीची शिट्टी वाजली. लांबलचक, कान किटवणारी. आईने एक बटण उजेडात धरलं, नापसंत केलं, दुसरं उचललं.

शिट्टी वाजतच होती.

तिने उठून गॅस बंद केला. आई वळली, वाफ पाहून चपापली. “उकळलं होय? शिट्टी बिघडलीय मेलीची. वाजतच नाही हल्ली.”

तिने किटलीकडे पाहिलं, मग आईच्या कानाकडे.

“या घरातलं सगळंच म्हातारं झालंय,” आई कोट उचलून त्यावर बटण लावून बघत म्हणाली. “फोन घे, नुसती खरखर. तू कामातून वेळ काढून बोलतेस, त्यात मी किती वेळा ‘काय, काय’ करू? बरं म्हणते, झालं.”

“आणि बोलतेस इतकं हळू ते?”

“हळू? माझाच आवाज माझ्या डोक्यात तर नगाऱ्यासारखा वाजतो.”

तिने आईच्या हातातलं बटण काढून घेतलं आणि तिला खुर्चीत बसवलं. स्वतः स्टूल घेऊन समोर बसली, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर येईल अशी. मग तीच बातमी पुन्हा सांगितली, एकेक शब्द सुटा करून.

आईची नजर तिच्या ओठांवरून हलली नाही. मांडीवरचा कोट सरकून खाली गेला, तोही तिने उचलला नाही.

“एवढी मोठी गोष्ट,” आई म्हणाली, “आणि आज सांगतेस मला?”

तिने मान खाली घातली.

आईने तिची हनुवटी धरून मान वर केली. “अशी बघ, म्हणजे कळेल मला. किती लांब गं ते?”

तिने स्टूल पुढे ओढलं, गुडघ्याला गुडघा टेकेपर्यंत.

“सांगते,” ती म्हणाली.