गुरुवारी ओरडणारा मीटर

मित्रांनो, मी हवा मोजणारा एक जुना मीटर आहे, तळहातात मावेन एवढा. महाळुंग्याच्या एका कारखान्यात, ट्रेनिंग रूममधल्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सध्या माझा मुक्काम असतो. माझे सेल काढून शेजारीच ठेवले आहेत. सेल नसले की मला मोजता येत नाही. ऐकू मात्र सगळं येतं, आणि तेच वाईट आहे.

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये माझी जुळणी झाली. तिथल्या बाईंनी मला धुरासमोर धरलं, मी लगेच ओरडलो आणि त्या खूश झाल्या. आपण ओरडलो की माणसं खूश होतात, असंच मला तेव्हा वाटलं. किती भाबडा होतो मी!

पुढे मला तनुजा मॅडमनी घेतलं. निघोज्याच्या शेतकरी घरातली ही हुशार मुलगी कारखान्याची इमारत सांभाळायची. तिला ग्रीन बिल्डिंगची परीक्षा द्यायची होती. वीज, पाणी, हवा नीट जपणाऱ्या इमारतींची पारख करणाऱ्यांची ती परीक्षा. पास झाली की हिंजवडीत मोठी नोकरी ठरलेली होती. सुरुवातीला ती मला हातात घेऊन सगळीकडे फिरायची. "माझा मीटर कधी खोटं बोलत नाही," असं कौतुकाने सांगायची. मी फुशारून जायचो.

कारखान्यालाही ग्रीनचं मानांकन हवं होतं. गार हवा वाया जाऊ नये म्हणून खिडक्या पक्क्या बंद केल्या. इमारतीच्या पुढच्या बाजूला बाग केली आणि तिथला जनरेटर उचलून मागच्या भिंतीला नेला. त्याच भिंतीवर पॅकिंग हॉलसाठी बाहेरची हवा ओढणारी जाळी होती. जनरेटरचा धूर थेट त्या जाळीत जाऊ लागला.

आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारी, म्हणून कारखान्याची सुट्टीही गुरुवारची. पॅकिंगच्या बायका तेवढ्या ओव्हरटाइमला येतात आणि त्यांच्यासाठी जनरेटर चालतो. शांतता मिळते म्हणून मॅडमही त्या दिवशी ट्रेनिंग रूममध्ये अभ्यासाला बसायच्या. पलीकडेच पॅकिंग हॉल, मध्ये पातळ पत्र्याची भिंत. पहिल्याच गुरुवारी धुरातल्या विषारी वायूचा माझा आकडा भराभर चढला. मी जीव तोडून ओरडलो.

मॅडमनी इलेक्ट्रिशियन जयसिंगला बोलावलं. त्याने मला उलटंपालटं केलं. "मॅडम, जनरेटर चालू झाला की ह्यो बोंबलतोय. व्होल्टेजनं येडा झालाय, दुसरं काय न्हाई."

अरे शहाण्या, मी सेलवर चालतो! माझा आणि व्होल्टेजचा संबंध काय? पण मॅडमनीही मान डोलावली आणि माझे सेल काढले. त्यांचंही डोकं जड झालं होतं. त्यांना वाटलं, अभ्यासाने झालं असेल.

पॅकिंगच्या शालनबाई मराठवाड्यातून पोटासाठी इकडे आलेल्या. त्यांचं डोकं दर गुरुवारी दुखायचं, मळमळायचं. सगळ्या बायकांचंच तसं व्हायचं. आणि सगळ्याच गुरुवारचा उपास करणाऱ्या! "उपाशीपोटी ड्युटी करता, मग दुसरं काय होणार?" असं म्हणून मॅडम त्यांना लिंबू सरबत द्यायच्या.

परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी मॅडम सरावाचे प्रश्न मोठ्याने वाचत होत्या. "ताजी हवा आत घेण्याची जागा कुठे नसावी? धूर सोडणाऱ्या यंत्राजवळ." उत्तर बरोबर आलं. तेवढ्यात शालनबाई दारात आल्या.

"ताई, आज उपास मोडला. भाकरी खाऊन आले. तरीबी डोकं लई ठणकायलंय."

मॅडमनी पुस्तक खाली ठेवलं. बाहेर जनरेटर घरघरत होता. त्यांनी ड्रॉवर उघडला, मला हातात घेतलं, एक सेल बसवलासुद्धा. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि सेल परत काढला. "शनिवारी पेपर आहे, शालनबाई. तो होऊ दे, मग बघते."

मित्रांनो, त्यांना कळलं होतं. मला बंद केल्याचं दुःख मी विसरेन, पण हे नाही.

मॅडम पास झाल्या. पेढे वाटले, निरोप झाला, त्या हिंजवडीला गेल्या. ते 'मग' काही आलं नाही.

तुमच्याकडे एखादं यंत्र वेळी-अवेळी ओरडलं, तर त्याला गप्प करण्याआधी आजूबाजूला एकदा नीट बघा, एवढीच माझी विनवणी आहे. ते उगाच ओरडत नसतं.

आज गुरुवार आहे. मोठी ऑर्डर आहे म्हणून शालनबाईंनी आपल्या लेकीलाही, मोनिकालाही, ओव्हरटाइमला आणलं आहे. पत्र्यापलीकडून त्यांचा आवाज येतोय.

"मोने, इकडं ये, जाळीखाली बस. इथं गार हवा यायलीय."

जनरेटर सुरू झाला. मित्रांनो, कुणीतरी हा ड्रॉवर उघडा.