वजनकाटा आणि देवकीचे ताट

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माझी काच फुटली आहे, सुई वाकली आहे. नागपूरच्या एका कॉलेजच्या कपाटात मी पडून असतो.

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास तिथल्या प्राध्यापिका पुष्पलताबाईंनी मला इतवारीच्या बाजारातून विकत घेतले. गावोगाव फिरून लोकांच्या आहाराची पाहणी करणे हे त्यांचे काम. "काल काय खाल्लं?" असे विचारले की जो तो सांगे, "पोटभर." बाईंना ते खरे वाटेना. म्हणून त्या प्रत्येकाचे ताट माझ्यावर ठेवू लागल्या. तेव्हा माझे फार कौतुक होई.

एकदा आम्ही काटोलजवळच्या खेड्यात तुळसाबाईंकडे गेलो. घरात त्यांचे दोन मुलगे होते, थोरला मारोतराव आणि धाकटा धोंडबा. धोंडबाची बायको देवकी गरोदर होती.

"आमच्या घरी सारे सारखंच खातात," तुळसाबाई म्हणाल्या. देवकीनेही मान डोलावली.

पुष्पलताबाईंनी सगळ्यांची ताटे एकदम वाढायला लावली. मारोतरावाच्या ताटाने माझी सुई झपकन पुढे पळाली. देवकीच्या ताटात अर्धी भाकर आणि ठेचा. सुई जेमतेम हलली. बाईंनी वजने मोठ्याने वाचली.

धोंडबाचा चेहरा काळवंडला. "माय, हिले उपाशी काहून ठेवतं?"

"बायकोपायी मायवर ओरडून राहिला का?" मारोतरावाने त्याच्या थोबाडीत मारली. धोंडबाने त्याचा गळा धरला. दोघे चुलीवर कोसळले, निखारे उडाले. मारोतरावाने मला उचलून भावाच्या डोक्यावर नेम धरला. देवकी मध्ये धावली. माझी लोखंडी कड तिच्या कपाळात घुसली. ते पाहून धोंडबाने मुसळ उचलले आणि भावाचा हात मोडला. माझ्या ताटलीत रक्त साचले होते.

बैलबंडीत घालून देवकीला काटोलच्या दवाखान्यात नेले. टाके पडले. पोटातले बाळ वाचले. बाईंनी सगळ्यांना बाहेर काढून दार लावले.

"देवकी, पोट भरतं का गं तुझं?"

तिने बंद दाराकडे एकदा पाहिले. मग म्हणाली, "नाही बाई. कधीच नाही. पण सासूसमोर कसं सांगू?"

त्या दिवसापासून पुष्पलताबाई घरोघरच्या प्रत्येक बाईला एकटीला गाठून विचारू लागल्या. वजने त्यांनी पुन्हा कधी मोठ्याने वाचली नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, ते आज बघा. तिच्या ताटात काय उरते, तेही बघा.